नववीच्या वर्गात मधुमेहाबद्दल बोलायचंय, पण वजनाचं नाव न काढता

विज्ञानाच्या बाई:
सोमवारचा शेवटचा तास मला आरोग्यासाठी मिळालाय. टाइप टू मधुमेह कसा टाळायचा, हे सांगायचंय. गेल्या वर्षी आलेल्या पाहुण्यांनी "जाडी कमी करा" म्हणून सुनावलं आणि अख्खा वर्ग एकाच मुलीकडे वळून बघायला लागला. पुढचे तीन दिवस तिने डबा उघडला नाही. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाहीये मला. चाळीस मुलं, पस्तीस मिनिटं, प्रोजेक्टर नाही. काय करू?

गणिताचे सर:
बाई, तराजू न्या. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर 100 मिलीला साधारण 10.6 ग्रॅम साखर लिहिलेली असते. 300 मिलीत किती, ते मुलांनाच फळ्यावर मांडू द्या. जवळपास 32 ग्रॅम येतात. मग सगळ्यांसमोर काचेच्या ग्लासात चार-चार ग्रॅमचे आठ चमचे ओता. माझ्या वर्गात पाचव्या चमच्यालाच सगळे गप्प झाले होते. मोठ्या माणसानेसुद्धा दिवसभरात 25 ग्रॅमच्या आत राहावं, हे त्यानंतर सांगा. सीबीएसईने मे 2025 मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे कशात किती साखर असते ते दाखवणारा तक्ता, लावायला सांगितलंय. आपली शाळा राज्य मंडळाची असली तरी तक्ता आपणही लावू शकतो की.

एक डॉक्टर:
बारीक मुलांनाही यात धरा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिनांची 9.1! आपल्याकडे वरून सडपातळ दिसणाऱ्यालाही धोका असतो, हे मुलांना या एका उदाहरणातून कळेल.
आणखी एक. मानेवर, काखेत काळपट, जाडसर कातडी दिसली तर बऱ्याचदा तो मळ नसतो, रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असते. पण हे वर्गात कुणाकडे बोट दाखवून सांगू नका. पालकांना एकटं गाठून सांगा आणि उपाशीपोटीची साखर तपासायला लावा. 100 ते 125 आली तर मधुमेहाच्या आधीची पायरी. इथून मागे फिरता येतं.

विज्ञानाच्या बाई:
डॉक्टर, मानेचं वाचलं आणि पोटात गोळा आला. माझ्या वर्गातल्या एका मुलाला त्याची आई रोज घासणीने मान घासून पाठवते. लाल झालेली असते. मीही एकदा त्याला "नीट अंघोळ करत जा" म्हटलंय.
तराजू प्रयोगशाळेतून काढून ठेवलाय. त्याच्या आईला आज संध्याकाळीच भेटते.