‘इंधन संपले’ आणि ‘इंधन पोचले नाही’: दोन शब्द हवेत

तापीकाठ: शिरपूरकडे विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांसाठी इंधनाच्या चुकांमुळे झालेल्या अपघातांची टिपणं मराठीत करतोय. इंग्रजीत दोन प्रकार आहेत. फ्युएल एक्झॉशन म्हणजे विमानात इंधनच उरलं नाही. फ्युएल स्टार्व्हेशन म्हणजे इंधन आहे, पण इंजिनाला मिळत नाही. पायपरसारख्या छोट्या विमानात डावी-उजवी टाकी हाताने बदलावी लागते. डावी कोरडी झाली, उजवी भरलेली, आणि खटका फिरवायचा राहिला की इंजिन बंद. वर्तमानपत्रं दोन्हीला ‘इंधन संपल्याने’ लिहून मोकळी होतात. दुसऱ्याला काय म्हणावं?

शब्दवेडा: इंधनक्षय आणि इंधनरोध.

यावलकर: नळी चोंदली तर रोध. खटका दुसऱ्या टाकीवर राहिला, त्यात रोध कुठला? केळीवाल्यांना हा फरक पाठ आहे. विहीर आटली तर ‘पाणी तुटलं’. विहिरीत पाणी आहे, पण फुटबॉल (पाइपाच्या तळाची झडप, फूट व्हॉल्व्ह) लीक होऊन मोटरीने हवा धरली, तर ‘मोटरीने पाणी सोडलं’. तसंच ‘तेल तुटलं’ आणि ‘इंजिनाने तेल सोडलं’ म्हणा.

शब्दवेडा: यावलकर, ‘तेल सोडलं’ वाचून कुणीही गळतीच समजेल. शिवाय विमानात तेल म्हणजे इंजिन ऑइल, ते निराळं. पाठ्यपुस्तकात ही भाषा चालणार नाही.

यावलकर: का चालणार नाही? ज्याच्यासाठी लिहायचं, त्याच्या घरी हीच भाषा आहे.

अमळनेरकर: अहिराणीत ‘तेल सरी गयं’ म्हणतात. प्रमाण मराठीतही ‘सरणे’ आहेच. पहिल्या प्रकाराला ‘इंधन सरणे’ घ्या. माझ्या मते हा शब्द सरकण्यातूनच आला, थेंबथेंब पुढे सरकत संपतं ते सरतं.

शब्दवेडा: भाऊ, ही व्युत्पत्ती कुठल्या कोशात आहे?

अमळनेरकर: कोशात नसेल, कानाला पटते.

भुसावळची ताई: शब्दावर जीव जातो, म्हणून यात घाई नको. २५ जानेवारी १९९०. आव्हियांकाचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कच्या आकाशात खराब हवेमुळे तासाहून जास्त घिरट्या घालत राहिलं. वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली, इंधन संपत आल्याचंही सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारलाच नाही. पहिला उतरायचा प्रयत्न फसला, दुसऱ्या खेपेला विमान पडलं. ७३ जण गेले. आपल्याकडे ‘जरा लवकर घ्या’ आणि ‘मरतोय, उतरू द्या’ यात जेवढं अंतर, तेवढंच ते होतं.

तापीकाठ: ताई, हे टिपणात घेतो. पण तो पहिला प्रकार झाला. दुसऱ्याचं नाव अजून राहिलंच.

यावलकर: मापाचंही लिहा. १९८३ मध्ये कॅनडात बोइंग ७६७ ला २२,३०० किलो इंधन लागणार होतं. किलो-पौंडाच्या घोळात जेमतेम २२,३०० पौंड घेऊन ते निघालं, म्हणजे निम्म्याहून कमी. वाटेत दोन्ही इंजिनं बंद. गिमलीच्या जुन्या हवाई तळावर तरंगत उतरवलं, सगळे वाचले. मण आणि क्विंटलमध्ये फसलेला शेतकरी हे एका ओळीत समजेल.

शब्दवेडा: आणि गळती? २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटच्या ए३३० ची एका बाजूची इंधननळी फाटली. समतोल साधायला वैमानिकांनी चांगल्या बाजूचं इंधनही तिकडेच वळवलं, तेही वाहून गेलं. अझोर्समधल्या लाजेसला इंजिनांविना उतरले. हा क्षय की आणखी काही? म्हणून तर म्हणतो, नेमके संस्कृत शब्द हवेत.

अमळनेरकर: संस्कृतात ‘इंधन’ म्हणजे आधी जळण, सरपण. विमानात काय सरपण भरतात? जेट विमानात भरतात ते रॉकेलाच्या जातीचं. मग तेलच म्हणा की.

शब्दवेडा: अर्थ विस्तारतात, अप्पा. ‘तेल’ तरी मूळचं तिळाचंच ना?

यावलकर: तेच सांगतोय मी मघापासून! ‘तेल’ विस्तारलं तर चालतं, मग ‘पाणी सोडणे’ विस्तारलं तर का चालू नये?

तापीकाठ: ‘इंधन-तुटवडा’ कसा वाटतो?

भुसावळची ताई: तो पंपावर रांग लागते तेव्हाचा शब्द. टाकी भरलेली असताना तुटवडा कसला?