मदत हवी आहे: मेंटेनन्सचे साहेब बदलले, पत्रावर सही करू की नको? (उद्या ६ पर्यंत)

रात्रपाळीवाला (सोमवार, दु. १:१०)
सरळ मुद्द्यावर येतो, झोप झालेली नाही. आमच्याकडे मेंटेनन्सचे साहेब बदलले. जुने गेले, नवे येऊन पाच आठवडे झाले. आता नव्यांच्या विरोधात पत्र फिरतंय. आमच्या शिफ्टमधल्या जवळजवळ सगळ्यांनी सह्या केल्यात, माझी राहिलीय. उद्या संध्याकाळी ६ ला ते वर जाणार. सही केली तर गोत्यात येईन का? नाही केली तर याच माणसांबरोबर रोज रात्री काम करायचंय. अनुभव असेल त्यांनीच लिहा. ‘मनाचं ऐका’ वगैरे नको.

चिंतातुर_चेअरमन (१:२२)
आमच्या सोसायटीत अगदी हेच झालं. मेंटेनन्स बघणारा जुना सेक्रेटरी गेला, नव्याने आल्या आल्या लिफ्टवाल्याचं कंत्राट बदललं. पत्र कमिटीला देऊन उपयोग नाही, थेट उपनिबंधकांकडे द्या. सहीसमोर फ्लॅट नंबर लिहायला विसरू नका.

रात्रपाळीवाला (१:२५)
विमानांचं मेंटेनन्स हो. एअरलाइन. फ्लॅट नंबर कुठून आणू?

चिंतातुर_चेअरमन (१:३१)
मग शीर्षकात तसं लिहायचं ना. पोच मात्र तिथेही घ्याच.

जुना_हँगर (१:५०)
पस्तीस वर्षं सांताक्रूझला काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. एवढ्या माहितीवर कोणी काही सांगू शकणार नाही. लायसन्स आहे की टेक्निशियन आहेस? लाइनला (उड्डाणांदरम्यानची कामं) की बेसला (हँगरमधली मोठी कामं)? बॉन्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, आहे का? साहेब म्हणजे शिफ्ट मॅनेजर की फॉर्म ४ वाला? आणि पत्रात लिहिलंय काय, ते तर तू सांगितलंच नाहीस.

विनाथांबा (१:५८)
फॉर्म ४ म्हणजे? इन्कम टॅक्सचा का?

जुना_हँगर (२:०६)
नाही हो. दुरुस्ती संस्थेच्या मुख्य पदांवर कंपनी मनाला येईल त्याला बसवू शकत नाही. त्याचं नाव डीजीसीएकडे (विमान वाहतुकीच्या नियामकाकडे) जातं, शिक्षण आणि अनुभव तपासतात, मान्यता मिळाली की त्या खुर्चीचा जाब त्याने द्यायचा. असा माणूस ‘आम्हाला आवडत नाही’ एवढ्यावर हलत नसतो, म्हणून विचारलं.

विनाथांबा (२:११)
धन्यवाद. आलोच आहे तर विचारतो, गेल्या महिन्यात माझं विमान ‘तांत्रिक कारणा’ने पाच तास उशिरा सुटलं. भरपाई मिळते का? खायला फक्त एक सँडविच दिलं होतं, तेही गार.

एकजूट_७२ (२:३०)
मित्रा, विचार कसला करतोस, सही कर. एकट्याला चिरडतात, पन्नास जणांना चिरडता येत नाही. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये किंगफिशरच्या इंजिनिअरांनी विमानं सोडायचं बंद केलं तेव्हा कुठे मॅनेजमेंट टेबलावर आली. तोवर महिनोन् महिने पगार नव्हता आणि कोणाला पडलेली नव्हती.

दोहा_ते_डोंबिवली (२:४१)
आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला कंपनीचं लायसन्स निलंबित झालं आणि ती विमानं परत उडालीच नाहीत, तेही सांगा की. एकजुटीने बुडाले.

एकजूट_७२ (२:४४)
बुडवली मालकाने, इंजिनिअरांनी नाही. गल्फमध्ये बसून कामगारांना शहाणपण शिकवू नका.

दोहा_ते_डोंबिवली (२:५२)
मी स्वतः नऊ वर्षं मुंबईच्या पावसात बे वर (विमानं उभी करतात तिथे) भिजलोय. रात्रपाळीवाले, माझं ऐक. साहेब येतात, जातात. तू लायसन्सवर टाइप (एखाद्या जातीच्या विमानाची परवानगी) चढव, पासपोर्ट तयार ठेव आणि बाहेर पड. इकडे प्रत्येक गोष्ट लिहून द्यावी लागते, पण आठ तासांचे आठच तास असतात.

माऊली_नाशिक (३:१५)
सगळे जाणकार दिसताहेत म्हणून विचारते. भाच्याला बारावीला पीसीएममध्ये ६८ टक्के आहेत. एएमईचा, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचा, कोर्स करावा का? बी१ घ्यावं की बी२?

जुना_हँगर (३:२०)
ताई, बी१ म्हणजे इंजिन-एअरफ्रेम, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स. मुलाला कशाची आवड आहे ते त्यालाच विचारा, आणि वेगळा धागा काढा. नाहीतर या पोराचं उत्तर राहून जाईल.

रात्रपाळीवाला (७:०५)
आत्ता उठलो. काका, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. लाइनला आहे, मुंबई. बी१ लायसन्स आहे, टाइपही झालंय, पण कंपनीचं ऑथरायझेशन (विमान सोडायची सही करण्याचा अधिकार) अजून आलेलं नाही. पुढच्या महिन्यात असेसमेंट आहे. बॉन्ड आहे, अजून दीड वर्ष. साहेब फॉर्म ४ वालेच.

दोहा_ते_डोंबिवली (७:०९)
अरे, हे आधी सांगायचं! बॉन्ड असताना मी त्याला पासपोर्ट तयार ठेवायला सांगत बसलोय.

जुना_हँगर (७:१२)
पुढच्या महिन्यात असेसमेंट आहे हे तू शेवटून दुसऱ्या ओळीत लिहितोस? तुझी खरी भीती तीच आहे. तर ऐक, ऑथरायझेशन क्वालिटी विभाग देतो, मेंटेनन्सचा साहेब नाही. ते दोन विभाग मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. त्याच्या मनात आलं तर तो तुला त्रास देऊ शकतो, पण तुझा स्टॅम्प त्याच्या ड्रॉवरमध्ये नाही. आता पत्रातला मजकूर सांग.

रात्रपाळीवाला (७:३१)
जसं आहे तसं टाकत नाही, ओळखलो जाईन. मथितार्थ असा. पहिला परिच्छेद: रोस्टर न विचारता बदललं, ओव्हरटाइम कापला, बारा वर्षं जुन्या शिफ्ट इन्चार्जला सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करून ‘हे डिफर का केलं?’ (म्हणजे दुरुस्ती पुढे का ढकलली) म्हणून विचारलं. दुसरा परिच्छेद: नव्या कार्यपद्धतीमुळे कामाला विलंब होतो आणि उड्डाणसुरक्षेला धोका निर्माण झाला आहे. शेवटी, जुन्या साहेबांना परत आणावं.

जुना_हँगर (७:३६)
नवी कार्यपद्धती म्हणजे काय?

रात्रपाळीवाला (७:४८)
दहा मिनिटांचं काम अर्धवट राहिलं तरी हँडओव्हर लेखी. कामाआधी आणि नंतर टूल मोजून सही. कुठलाही स्नॅग (बिघाड) डिफर केला की सकाळी साडेआठला का केला ते सांगायचं. एमईएलमध्ये (कुठला बिघाड किती दिवस ठेवता येतो त्या यादीत) सी कॅटेगरीला १० दिवस असतात ना, तर नवव्या दिवसापर्यंत थांबलो तर म्हणतात ‘पहिल्या आठ दिवसांत काय केलं?’ परवा रात्री तीनला न सांगता बे वर आले. लांब उभे राहून बघत होते. बोलले काहीच नाहीत. जुने साहेब यायचे ते चहा घेऊन यायचे. मुलांची नावं, कोणाच्या आईचं ऑपरेशन, सगळं त्यांना ठाऊक. एखादं काम राहिलं तर ‘असू दे, उद्या बघू’ म्हणायचे.

एकजूट_७२ (७:५५)
हेच म्हणतोय मी. माणसाला माणूस समजणारा साहेब गेला. सर्वांसमोर अपमान करणं ही कुठली पद्धत? सही कर.

जुना_हँगर (८:२०)
अपमान चूकच. त्या इन्चार्जला केबिनमध्ये बोलवायला हवं होतं. पण दुसऱ्या परिच्छेदावर मी सही केली नसती. सांगतो का ते.

११ सप्टेंबर १९९१. काँटिनेंटल एक्स्प्रेसचं एम्ब्राएर ब्राझिलिया टेक्सासमध्ये हवेतच तुटलं. १४ माणसं गेली. आदल्या रात्री ह्यूस्टनला त्याच्या शेपटीच्या आडव्या पंखाचं काम चाललं होतं. एका पाळीने डाव्या बाजूचे वरचे ४७ स्क्रू काढले. पाळी बदलली. ते काढलेत हे पुढच्या पाळीपर्यंत नीट पोचलंच नाही. वरची बाजू जमिनीवरून दिसत नाही. विमान सकाळी गेलं. चौकशी मंडळातल्या बाकीच्यांनी ठपका मुख्यतः खालच्या माणसांवर ठेवला, जॉन लॉबर नावाचा एक सदस्य मात्र अडून बसला. सुरक्षेची शिस्त वरच्या साहेबांनी लावली नाही हेही कारणातच लिहा, असं त्याचं म्हणणं होतं. या धंद्यात साहेब बदलला की काय बदलतं याबद्दल जे काही शिकवतात त्यातलं बरंचसं त्या वेगळ्या मतातून आलंय.

तुझा नवा साहेब जे मागतोय ते नियमात आहेच. सीएआर-१४५ मध्ये (दुरुस्ती संस्थांसाठीच्या डीजीसीएच्या नियमांत) पाळी बदलताना अर्धवट कामाची माहिती नीट पोचवण्याचं कलम आहे. त्याने ते शोधून काढलेलं नाही, फक्त पाळायला लावलंय.

एकजूट_७२ (८:३५)
काका, अर्धीच गोष्ट सांगताय. अलास्का एअरलाइन्सच्या फ्लाइट २६१ चा अपघात घ्या. ३१ जानेवारी २०००, ८८ मृत्यू. मार्चमध्ये सिॲटलच्या ६४ मेकॅनिकांनी कंपनीच्या प्रमुखाला सहीचं पत्र दिलं की वरचा साहेब विमानं सोडण्यासाठी आमच्यावर दबाव आणतो. त्या साहेबाला रजेवर पाठवलं. सह्यांनी होतं काम!

जुना_हँगर (८:४९)
बरोबर, आणि चांगलं उदाहरण दिलंत. त्यांचा साहेब ‘विमान सोडा’ म्हणत होता. याचा साहेब ‘सोडायच्या आधी लिहा’ म्हणतोय. हे दोन्ही एकाच पत्रात कसे बसतील? आणि त्याच विमानाची आधीची गोष्ट बघा. १९९७ मध्ये ओकलंडच्या हँगरमध्ये शेपटीचा जॅकस्क्रू (आडवा पंख वरखाली करणारा मोठा स्क्रू) झिजून मर्यादेला टेकल्याचं एका मेकॅनिकने लिहून ठेवलं होतं, बदला म्हणाला. पुढच्या पाळीने परत मोजलं, चालेल म्हणाले आणि विमान गेलं. जे झालं ते भयंकरच, पण त्याने लिहिलं होतं म्हणून निदान ते सापडलं. तोंडी म्हणाला असता तर?

‘सुरक्षा’ हा शब्द पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसा वापरू नये. उद्या चौकशीत पहिला प्रश्न येईल: धोका कुठला? विमान कुठलं? तारीख? तू काय सांगशील, टूल मोजायला सहा मिनिटं लागतात?

दोहा_ते_डोंबिवली (९:०५)
काकांना +१. पण एक सांगतो, हाच लेखी कारभार माणसं न वाढवता लादला तर पोरं मागाहून बसून कागद भरतात. चार सह्या एका पेनने, एका दमात. मी बघितलंय. मग तो कागद तोंडी हँडओव्हरपेक्षा वाईट, कारण सगळे त्याच्यावर विश्वास ठेवतात. रात्री किती विमानं आणि किती माणसं आहात?

रात्रपाळीवाला (९:१४)
आमच्या टीमकडे नाइट हॉल्टची (रात्री मुक्कामाला थांबणारी) पाच. माणसं सहा असायची, आता रोस्टर बदलल्यावर काही रात्री चारच. ते पत्रात नाहीये.

दोहा_ते_डोंबिवली (९:१६)
पत्रात तेच एक हवं होतं!

जुना_हँगर (९:२०)
हेच. आकडा आहे, तारखा आहेत, रोस्टरची प्रत आहे. हा आहे सुरक्षेचा मुद्दा. बाकीचा सगळा राग आहे, तो खोटा नाही, पण वेगळा आहे.

विनाथांबा (९:३३)
म्हणजे माझ्या विमानाला उशीर झाला तेव्हा माणसंच नव्हती असं आहे का? भरपाईचं कोणी सांगितलं नाही अजून.

रात्रपाळीवाला (मंगळवार, पहाटे ४:४०)
ब्रेकमध्ये लिहितोय. एक गोष्ट काल लिहिली नव्हती.

जुन्या साहेबांच्या काळात एका रात्री संध्याकाळच्या पाळीवाल्याने जाताना सांगितलं, ‘दोन नंबरचं काउल (इंजिनावरचं झाकण) बंद केलंय.’ तोंडी. पहाटे मी टेक लॉग (विमानाची नोंदवही) घेऊन चाललो होतो, सहज खाली वाकून बघितलं. दोन लॅच (कड्या) लोंबत होते. एअरबस ३२० चे लॅच इंजिनाच्या पोटाखाली असतात, जवळजवळ आडवं झाल्याशिवाय दिसत नाहीत. लावले आणि विमान गेलं. मी कोणालाच सांगितलं नाही. त्याचं नाव गेलं असतं, लग्न ठरलं होतं त्याचं. साहेबांना सांगितलं असतं तर तेही म्हणाले असते, असू दे, लावलेस ना.

काल रात्रीपासून तेच डोक्यात आहे.

जुना_हँगर (५:३०)
मी या वयात पहाटे जागाच असतो.

२४ मे २०१३ ला हीथ्रोवरून सुटलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या एअरबस ३१९ ची दोन्ही इंजिनांची काउल उडताना उखडली. एका इंजिनाला आग लागली, तरी विमान सुखरूप परत उतरलं. रात्री दोघांनी काम अर्धवट सोडलं होतं, नंतर पुरं करायला परत गेले ते चुकून दुसऱ्याच विमानापाशी. तिथली काउल बंद दिसली, त्यांना वाटलं कोणीतरी लावली असतील. आळशी माणसं नव्हती ती. पहाट होती.

तू वाकलास ते चांगलं केलंस. सांगितलं नाहीस ते चुकलं. कंपनीत गोपनीय रिपोर्टची सोय असणारच. आता दे, उशिरा का होईना. माणसाचं नाव न घालता, पद्धतीबद्दल लिही. चार माणसं आणि पाच विमानं हेही त्यातच घाल.

एकजूट_७२ (८:१०)
मी माझं म्हणणं सोडत नाही, सगळ्यांपासून फुटून एकटा रिपोर्ट देणं धोक्याचं आहे. पण चार-पाचचा मुद्दा पत्रात आणा. पहिला परिच्छेद ठेवा, दुसरा खोडा. तसं असेल तर मीही सहीच कर म्हणेन.

जुना_हँगर (८:१५)
बघा, कधी नव्हे ते आपलं जुळलं.

माऊली_नाशिक (११:०२)
हे सगळं वाचून भाच्याला कोर्सला घालायची भीतीच वाटायला लागलीय. पगार तरी बरा असतो का?

रात्रपाळीवाला (रात्री ८:५५)
पत्र गेलं. दुसरा परिच्छेद काढा म्हणालो तर दोघं-तिघं ‘असेसमेंट आहे म्हणून साहेबाची बाजू घेतोस’ म्हणाले. ते लागलं. ज्या इन्चार्जना मीटिंगमध्ये उभं केलं होतं तेच मधे पडले. म्हणाले, माझ्या नावावर सुरक्षेचं खोटं नको. मग परिच्छेद खोडला, त्या जागी रोस्टर आणि विमानांचा आकडा हाताने लिहिला, शेजारी सगळ्यांनी बारीक सह्या केल्या. ‘जुन्या साहेबांना परत आणा’ तसंच राहिलं, त्यावर कोणी ऐकायला तयार नव्हतं. मी सही केली. पोच घेतली, चेअरमनसाहेब.

काउलचा रिपोर्ट अर्धा लिहून झालाय. तारीख आठवत नाहीये, जुनी रोस्टर शोधतोय.

पहिलं विमान उतरलं. जातो.