स्थानिक दैनिकाचे वाचक सर्वेक्षण : प्रश्नावली अंकात छापावी की घरोघरी जावे?

(चर्चामंचावरील संवाद; स्वतंत्र ओळीवरचे नाव हे लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

आठपानी

आठ पानी स्थानिक दैनिकासाठी वाचक सर्वेक्षण करायचे आहे. खप सहा हजारांच्या आसपास. संपादकीय विभागाला दोन गोष्टी हव्या आहेत : कोणते पान खरोखर वाचले जाते आणि कोणते नुसते उलटले जाते. दोन पाने नव्याने आखायची आहेत, तेव्हा त्यांत काय घ्यावे हेही ठरवायचे आहे. वितरण विभागाचा प्रश्न वेगळा : अंक बंद करणारे का बंद करतात?

सध्याचा बेत असा. अंकात पाव पान प्रश्नावली छापायची, शेजारी क्यूआर कोड द्यायचा, पंधरा दिवस उत्तरे घ्यायची. मसुद्यातले प्रश्न :

१. आपण आमचे दैनिक नियमित वाचता का?
२. कोणत्या विषयांच्या बातम्या आवडतात? (कितीही पर्याय निवडा)
३. अंकाला १ ते ५ पैकी किती गुण द्याल?
४. आणखी काय वाचायला आवडेल?

हाताशी आठ माणसे आणि सहा आठवडे आहेत. मसुद्यात काय बदलावे?

शितावरून भात

आधी प्रश्नावली अंकात छापायचा बेत सोडा. ती भरून पाठवणारा आधीच तुमचा अंक वाचतो, त्यातही त्याच्याकडे सवड आहे आणि तुमच्याशी जिव्हाळा किंवा भांडण आहे. न वाचणारा, अर्धवट वाचणारा आणि शेजाऱ्याचा अंक चाळणारा त्यात येतच नाही. हजार प्रतिसाद आले तरी हा कल जात नाही. नमुना, म्हणजे ज्यांना विचारले ते लोक, एका बाजूला झुकलेला असेल तर तो मोठा केल्याने चूक फक्त ठाम दिसू लागते. वर्गणीदारांच्या यादीतून नावे उचलली तरी हीच अडचण, कारण एक प्रत घरात तिघे वाचतात आणि यादीत नाव एकाचेच असते.

नमुना घरांचा घ्या. वितरणक्षेत्राचा नकाशा घेऊन साधारण सारख्या घरसंख्येचे तुकडे पाडा, त्यांतून ८० तुकडे चिठ्ठीने काढा, प्रत्येकी ५ घरे घ्या. तुकड्यात सुरुवातीचे घर आधी ठरवून द्यायचे आणि तिथून दर अमुकवे घर. '४० तुकडे, प्रत्येकी १० घरे' हे सोपे वाटते, पण शेजारीपाजारी एकमेकांसारखे असतात. त्यांचे साम्य ०.०५ धरले (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळे अगदी सारखे) तर १० घरांच्या गटांत ४०० मुलाखतींची किंमत सुट्या निवडलेल्या २७६ मुलाखतींइतकीच राहते आणि चूक ±६ टक्क्यांच्या जवळ जाते. ५ घरांच्या गटांत तीच किंमत ३३३ होते, चूक ±५.४. चालणे वाढेल, पण ते वाया जात नाही.

घरात कोणाशी बोलायचे हे मुलाखतकाराने ठरवू नये. दार उघडणारा माणूस म्हणजे नमुना नव्हे. संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये मांडलेला, घरातल्या माणसांच्या यादीतून एकाची निवड करून देणारा तक्ता वापरा, किंवा 'या घरातल्या १५ वर्षांवरील कोणाचा वाढदिवस सर्वांत आधी येतो?' असे विचारून त्याच व्यक्तीला गाठा. १८ खालचा असेल तर पालकांची परवानगी आधी घ्यायची. ती व्यक्ती घरी नसेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा परत जायचे, त्यातली एक फेरी संध्याकाळी आणि एक सुट्टीच्या दिवशी. शेजारचे घर बदली म्हणून घ्यायची मुभा दिलीत की दिवसभर घराबाहेर असणारे लोक नमुन्यातून गळतात. पेपर दुसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्याच वेळी वाचणारे बरेचदा तेच असतात.

नकार आणि बंद घरे यांची नोंद मुलाखतींइतकीच जपून ठेवा.

कालचा अंक

नमुन्याबद्दल वर सगळे आले आहे. माझा भर प्रश्नांवर आहे, कारण नमुना उत्तम असूनही मसुद्यातल्या या चार प्रश्नांतून कामाचे काही हाती लागणार नाही.

'नियमित वाचता का' यावर होकार देणे सभ्यपणाचे वाटते. शिवाय 'नियमित' म्हणजे एकाला रोज, दुसऱ्याला दर रविवारी. वाचन एका ठरावीक दिवसाला बांधा. क्रम असा ठेवा :

आधी चार-पाच वृत्तपत्रांच्या नावांची रंगीत कार्डे द्या, जशी पहिल्या पानावर छापतात तशीच. नुसती नावे वाचून दाखवली तर मिळत्याजुळत्या नावांत गल्लत होते. दर मुलाखतीला कार्डे पिसायची, पहिल्या कार्डाला जास्त होकार मिळतात म्हणून. 'गेल्या सहा महिन्यांत यांपैकी कोणते हातात घेतले?' मग त्यांपैकी प्रत्येकाबद्दल : 'आजचा दिवस सोडून, शेवटचे कधी पाहिले?' 'काल' असे उत्तर आले तरच तो कालचा वाचक. मुलाखती आठवड्याच्या सातही दिवशी विभागा. सगळ्या सोमवारी घेतल्या तर तुम्ही फक्त रविवारचा अंक मोजाल.

प्रश्नात नकाराला वाट ठेवा. 'काल पेपर वाचला का?' पेक्षा 'काल पेपर पाहायला वेळ मिळाला, की राहून गेला?' याला खरे उत्तर लवकर येते. सर्वेक्षण कोणाचे हे सुरुवातीला सांगू नका, 'वाचनाच्या सवयींबद्दल' एवढे पुरे. शेवटी मात्र न विचारता सांगा, आणि तेव्हा कोणी उत्तरे मागे घेतली तर ती काढून टाका.

आता पाने. यासाठी जनमत चाचण्यांमुळे ओळखले जाणारे जॉर्ज गॅलप यांनी १९२८ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या प्रबंधात मांडलेली रीत अजून चालते. कालच्या अंकाची कोरी प्रत वाचकासमोर उघडायची आणि पानापानाने विचारायचे : 'या पानावरचे काही पाहिले होते का? कोणते?' वाचक बोट ठेवेल तिथे मुलाखतकाराने खूण करायची. खुणा तीनच : फक्त मथळा पाहिला, थोडे वाचले, बहुतेक वाचले. आठ पानांना २० ते २५ मिनिटे लागतात.

यात काय बिघडते तेही सांगतो.

मुलाखत लांबली की माणूस कंटाळतो आणि शेवटच्या पानांना भराभर 'नाही' म्हणतो. मग आकडेवारीत पान ७ मेलेले दिसते. म्हणून एक तृतीयांश मुलाखती पान १ पासून, एक तृतीयांश पान ४ पासून, उरलेल्या शेवटच्या पानापासून मागे. कोणत्या पानाने सुरुवात केली हे नोंदवा.

प्रत दरवेळी नवी हवी. आधीच्या माणसाच्या खुणा दिसल्या की पुढचा त्याच बातम्यांवर बोट ठेवतो. त्यामुळे रोज मुलाखती किती होतील तितक्या कोऱ्या प्रती आधीच बाजूला काढा.

अंक कालचाच हवा. परवाच्या अंकाबद्दल विचारले तर टीव्हीवर पाहिलेले, फोनवर आलेले आणि पेपरात वाचलेले यांची सरमिसळ होते.

न वाचलेलेही वाचले म्हणणारे असतातच. ते मोजण्यासाठी त्या दिवशी न छापलेल्या तीन-चार बातम्यांची कात्रणे, तशाच टायपात लावलेली, वेगळ्या कागदावर दाखवा आणि 'यांपैकी काय पाहिले?' विचारा. दहापैकी एकाने नसलेली बातमी वाचल्याचे सांगितले, तर पान ५ वरच्या १२ टक्के वाचनाला फारसा अर्थ उरत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे : प्रत्येक मजकुराला पान, जागा, रकान्यांतली रुंदी, फोटो आहे की नाही आणि विषय असे पाच संकेतांक द्या. पहिल्या पानावर वर फोटोसह छापलेली बातमी कोणत्याही विषयाची असली तरी जास्त वाचली जाते. ही जागेची वाटणी केली नाहीत तर 'लोकांना राजकारण आवडते' असा निष्कर्ष निघेल, प्रत्यक्षात लोकांना पान १ दिसले असेल इतकेच. तुलना एकाच पानावरच्या, सारख्या आकाराच्या मजकुरांची करा.

आठपानी

दोघांचेही आभार. छापील प्रश्नावलीचा बेत रद्द. दोन शंका. ४०० घरांत पानापानाने अंक उलटवायला आठ माणसे पुरतील का? आणि नव्या दोन पानांत काय घ्यावे हे कालच्या अंकावरून कळणार नाही, कारण ते विषय अजून छापलेच जात नाहीत. त्यासाठी काय विचारावे?

कालचा अंक

अंक सगळ्यांसमोर उलटायचा नाही, फक्त कालच्या वाचकांसमोर. बाकीच्यांची मुलाखत दहा-बारा मिनिटांत संपते. समजा ४० टक्के कालचे वाचक निघाले, तर १६० जणांसमोर अंक उलटला जाईल, म्हणजे दर दिवसाच्या अंकाला २३ च्या आसपास. इतक्यांवरून एका सुट्या बातमीबद्दल बोलता येत नाही. सात अंक एकत्र करून पानाबद्दल, जागेबद्दल आणि विषयाबद्दल बोलता येते, आणि तुम्हाला तेच हवे आहे. एका माणसाच्या दिवसाला चार पूर्ण मुलाखती धरा, परतफेऱ्यांसह. आठ माणसे, १६ दिवस म्हणजे ५१२ ची कुवत. सहा आठवड्यांत सहज बसते.

नव्या विषयांसाठी 'कितीही पर्याय निवडा' आणि १ ते ५ गुण दोन्ही टाळा. सगळ्याला चार नि पाच मिळतात, आणि आरोग्य, शिक्षण, शेती यांना मान म्हणून गुण जातात. राशिभविष्य, निधनवार्ता, गुन्हे यांची आवड मोकळेपणी सांगितली जात नाही. निवड करायला भाग पाडा. १२ विषय घ्या, ९ कार्डे करा, प्रत्येक कार्डावर ४ विषय, म्हणजे प्रत्येक विषय तीनदा येतो. दर कार्डावर 'सर्वांत आधी कोणते वाचाल, आणि कोणते नसले तरी चालेल?' एवढेच विचारायचे. पहिल्या उत्तरांतून दुसरी वजा केली की क्रम मिळतो. विषय मात्र नेमका लिहा. 'आरोग्य' नको, 'कोणत्या रुग्णालयात कोणता डॉक्टर कोणत्या दिवशी असतो' असे लिहा. 'शिक्षण' नको, 'प्रवेशाच्या तारखा आणि लागणारी कागदपत्रे' लिहा.

क्लिकमोजणी

वेबसाइट आणि ई-पेपर असेल तर त्यांचे आकडे आधीच हातात आहेत. एवढी पायपीट कशाला?

शितावरून भात

ते आकडे जरूर वापरा, पण मर्यादा ओळखून. ई-पेपरमध्ये पान उघडल्याची नोंद होते, त्या पानावर डोळे कुठे थांबले याची होत नाही. वेबसाइटवरचा वाचक बहुधा शोध किंवा मित्राने पाठवलेल्या दुव्यावरून एका बातमीवर येतो आणि निघून जातो, म्हणजे अंक म्हणून तो काही वाचतच नाही. एकच माणूस फोनवरून आणि संगणकावरून दोन माणसे म्हणून मोजला जातो. मथळ्याचे शब्द आणि वाचनाची वेळ यांसाठी ते आकडे उपयोगी आहेत. छापील पानांचा निर्णय त्यांवर घेऊ नका.

यावरून एक राहिलेले : प्रश्नावलीत छापील अंक, ई-पेपर, वेबसाइट आणि फोनवर आलेले कात्रण हे चार स्वतंत्र प्रश्न करा. कात्रण वाचणे हे वाचन धरायचे की नाही, हे मुलाखती सुरू होण्यापूर्वी लिहून ठरवा. आकडे आल्यावर ठरवले तर जो आकडा मोठा, तोच निवडला जातो.

पुरवणी

वितरणाच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून लिहिते.

अंक बंद केलेल्यांची यादी विक्रेत्यांकडून घ्या, पण गेल्या दोन-तीन महिन्यांतलीच. त्याआधीचे लोक कारण विसरलेले असतात आणि 'वेळ मिळत नाही' हे तयार उत्तर देतात. २५ ते ३० जण पुरेत, मोजणी करायची नसून कारणांची साखळी समजून घ्यायची आहे. 'का बंद केलात?' असे विचारू नका, त्याने समोरचा सफाई द्यायला लागतो. घटना विचारा : शेवटच्या महिन्यात अंक किती वाजता येत होता, तेव्हा घरात कोण असायचे, आधी कोण वाचायचे, अंक न येण्याचे दिवस किती होते, तक्रार केली तर काय झाले. मजकुराबद्दलची नाराजी म्हणून सांगितलेले कारण बरेचदा अंक उशिरा येण्यापासून सुरू झालेले निघते. हा उशीर दुरुस्त करता येतो, पण संपादकीय विभागाकडून नाही.

जोडीला एक प्रयोग : १२ ते १५ घरांच्या संमतीने आठवडाभर अंक थांबवा, तिसऱ्या आणि आठव्या दिवशी बोला. १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पेपर पोचवणाऱ्यांचा संप झाला तेव्हा संशोधक बर्नार्ड बेरेलसन यांनी लोकांना पेपरविना काय चुकते हे विचारले होते. पेपर आवश्यक आहे असे बहुतेक जण म्हणाले, पण कोणती गंभीर बातमी चुकली हे फार थोड्यांना सांगता आले. चुकत होता तो रोजचा क्रम, बोलायला मिळणारा विषय, वेळापत्रके आणि निधनवार्ता. हा भाग तुमच्या कार्डांवरच्या विषयांत दिसणार नाही, आणि स्थानिक दैनिकाचे बळ बहुधा तिथेच असते. छोट्या टायपात शेवटच्या पानावर ढकललेला मजकूर कापण्यापूर्वी हे एकदा तपासाच.

आठपानी

अहवाल करताना काय पाळावे? संपादकांना वयोगटानुसार आकडे हवे आहेत.

शितावरून भात

८० जणांच्या वयोगटात चूक ±११ टक्के असते, प्रत्येकी १०० जणांच्या दोन गटांची तुलना केली तर फरक १४ टक्क्यांच्या वर असल्याशिवाय बोलू नये, आणि हे साधे हिशेब आहेत, गट पद्धतीमुळे त्याहून थोडे वाढतात. ५० च्या खालचा गट तक्त्यात छापूच नका. टक्केवारीत दशांश नकोत. वय आणि लिंग यांची वजने (एकाचे उत्तर किती जणांइतके मोजायचे ते) जनगणनेशी जुळवा, पण एखाद्याचे वजन ३ च्या वर गेले तर वजन वाढवण्याऐवजी त्या गटाच्या मुलाखती वाढवा. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर ठेवा आणि दर दहा मुलाखतींतली एक दुसऱ्या माणसाने फोनवरून पडताळा.

सगळ्याआधी १२ ते १५ चाचणी मुलाखती घ्या, आणि त्या अंतिम नमुन्यात मिसळू नका. कार्डांचा क्रम, वेळ आणि कोणत्या शब्दाला लोक अडतात हे त्यातच कळते. चाचणीनंतर प्रश्न बदललात की मुलाखतकारांच्या हातातल्या जुन्या प्रती त्याच दिवशी परत घ्या, नाहीतर दोन प्रश्नावल्या एकत्र होतात आणि नंतर त्या वेगळ्या काढता येत नाहीत.