कार्ड तेच, भाव मॅकचा

"तेच ग्राफिक्स कार्ड पीसीला स्वस्त, मॅकला दुप्पट, असं का?" हा प्रश्न नेहमी विचारला जातो, त्यावर थोडं सांगतो. ॲपलच्या २०१२ पर्यंतच्या टॉवरवाल्या मॅक प्रोत खरी मेख होती फर्मवेअरची, म्हणजे कार्डातच भरलेल्या छोट्या प्रोग्रामची. पीसीचं कार्ड खोचलं की बऱ्याचदा चालायचं, पण मशीन सुरू होताना स्क्रीन काळीठिक्कर. थेट लॉगिनलाच चित्र उमटणार. सुरुवातीची ती स्क्रीन दिसावी म्हणून लोक मॅकचं फर्मवेअर भरलेल्या कार्डाला जास्त पैसे मोजायचे.

माझ्या २०१० च्या मॅक प्रोच्या डब्यात मी आरएक्स ५८० कार्ड बसवलं. कार्डाला ८ पिनांची वायर हवी, आणि बोर्डावर दोन बारकी ६ पिनांची सॉकेटं! कार्ड आठवडाभर खोक्यात पडून, का तर ती जोडवायर मिळेना. पण नंतर मॅकओएसच्या मोहावी (Mojave) आवृत्तीत मस्त चाललं.

२०१९ च्या मॅक प्रोचं तर विचारूच नका. त्याचं डब्ल्यू६९००एक्स हे ग्राफिक्स मॉड्यूल २०२१ मध्ये अमेरिकेत ६,००० डॉलरला होतं, म्हणजे जवळपास अख्ख्या बेस मॉडेलच्या किमतीला. आणि २०२३ च्या, ॲपलच्या एम२ अल्ट्रा चिपवाल्या मॅक प्रोत स्लॉट आहेत, पण ग्राफिक्स कार्ड त्यात चालतच नाही. तिथे चिपमधले जे काय ग्राफिक्स कोअर घ्यायचे ते खरेदीच्या वेळीच.