सिग्नेचर मॉडेल युकुलेली सेकंड हँड घ्यावी का? मदत हवी आहे

एका वादकाच्या नावाचं सिग्नेचर मॉडेल युकुलेली (छोट्या गिटारसारखं चार तारांचं वाद्य) सेकंड हँड मिळतंय. टेनर (युकुलेलीतला मोठा साइज), सॉलिड कोआ (प्लाय नाही, अख्खं कोआ लाकूड), आणि मालक नव्याच्या किमतीपेक्षाही जास्त मागतोय कारण म्हणे आता ते मॉडेल बंद झालंय. त्याच कंपनीची साधी टेनर, तेच लाकूड, तीच १७ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), जवळपास निम्म्यात येते. फरक काय तर हेडस्टॉकवर सही, फ्रेटबोर्डवर शिंपल्याची नक्षी, आत नंबर घातलेलं लेबल आणि पिकअप (अ‍ॅम्पला जोडण्यासाठी).

जाऊन वाजवून आलो. आवाज मस्तच, खोटं कशाला बोलू, पण तिच्यावर लो जी तार (खालच्या सप्तकातली) होती आणि माझ्या जुनीवर हाय जी (एक सप्तक वरची), त्यामुळे तो भरदारपणा लाकडाचा की तारेचा तेच कळेना. बाराव्या फ्रेटला अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) ३ मिमीच्या आसपास, सूर बरोबर. भेगा नाहीत, पण ब्रिजमागे (तारा जिथे बांधतात त्याच्या मागे) पट्टी आडवी धरली तर दोन्ही टोकांखालून उजेड दिसतो, म्हणजे पोट (वरची फळी) जरा फुगलंय. ओरिजिनल केस आहे, सर्टिफिकेट मात्र 'सापडत नाही' (इथेच पाल चुकचुकली).

ऑनलाइन शोधलं तर लोक मागतात तो आकडा दिसतो, खरंच कितीला गेली ते कुठेच नाही.

मला वाजवायलाच हवीय, काचेच्या कपाटात ठेवायला नाही, पण दोन-तीन वर्षांनी विकायची वेळ येऊ शकते. 'साधी घे' म्हणणार असाल तर कारणही सांगा. ज्यांनी सिग्नेचर मॉडेल घेऊन पुढे विकलंय, त्यांना सहीचे जादा पैसे परत मिळाले का, आणि सर्टिफिकेट नाही म्हणून भाव किती पाडून मागू?