गल्लीला नाव काय द्यावे? रविवारच्या सभेआधीची चर्चा

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या सोसायटीसमोरील गल्लीला नाव सुचवण्याचा विषय रविवारच्या सभेत घेतला आहे. पुण्यातील कर्वेनगरच्या या भागातील गल्ल्या एकसारख्या दिसत असल्याने पार्सलवाल्यांपासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळेच चुकतात, म्हणून महापालिकेच्या नाव समितीकडे रीतसर प्रस्ताव पाठवावा, असे कार्यकारिणीचे मत आहे. नाव सुचवताना ते का सुचवत आहात, हेही कृपया लिहावे.

ए-१०२ : ‘ग्रीन ॲव्हेन्यू’ हे नाव मला योग्य वाटते. ऐकायला चांगले आहे आणि त्यावरून कोणाच्या भावना दुखावण्याचा प्रश्न येत नाही.

सी-३०४ : ऐकायला चांगले आहे, यात शंका नाही, परंतु आपल्या गल्लीत आजमितीला हिरवे असे ओल्या कचऱ्याचे डबेच काय ते आहेत. आपल्या भागातील टिकलेली नावे पाहिली, तर त्यांच्यामागे काहीतरी खरोखर तिथे असलेले सापडते. पौड रस्ता मुळशी तालुक्यातील पौडला जातो आणि सिंहगड रस्ता सिंहगडाकडे, त्यांविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. प्रभात रस्त्याची गोष्ट मात्र मोलाची आहे. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली, पुढे ती बंद पडली, तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, तरीही रस्त्याला लोक आजतागायत कंपनीच्याच नावाने ओळखतात. शेजारच्या भांडारकर रस्त्याला रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे नाव आहे आणि त्यांच्या नावाने १९१७ साली स्थापन झालेली प्राच्यविद्या संशोधन संस्था तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

बी-२०१ : काका, मग आपल्या हिंगण्याचे कर्वेनगर कसे झाले, तेही सांगा. माझ्या सासूबाई अजूनही हिंगणेच म्हणतात. मागे एकदा त्यांनी रिक्षावाल्याला तसेच सांगितले आणि त्याने त्यांना सरळ सिंहगड रस्त्यावर नेऊन सोडले.

सी-३०४ : रिक्षावाल्याला दोष देता येणार नाही, कारण हिंगणे दोन आहेत. मुठा नदीच्या आपल्या बाजूचे ते हिंगणे बुद्रुक आणि सिंहगड रस्त्याकडील ते हिंगणे खुर्द, म्हणजे थोरले आणि धाकटे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवा स्त्रियांसाठी आश्रम काढला, तेव्हा तो पुण्यातच होता. पुढे रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी साडेसातशे रुपये दिले, आणि १९०० साली आश्रम त्या झोपडीत आला. कर्वे त्या काळात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि चिखलपाण्याची वाट तुडवत हिंगण्याला पायी ये-जा करत. महिला विद्यापीठाची सुरुवातही १९१६ साली इथेच झाली. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, १९६२ मध्ये वयाच्या एकशे चौथ्या वर्षी ते गेले. ज्या माणसाने या मातीत एवढे काम केले, त्याचे नाव इथे रुजले नसते तरच नवल. गंमत अशी, की त्यांच्याच संस्थेच्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे तिथल्या रस्त्याला आपण ‘कमिन्स कॉलेज रस्ता’ म्हणतो.

डी-४०२ : मग नळ स्टॉप कोणाच्या स्मरणार्थ आहे, काका?

सी-३०४ : नळाच्या! रस्त्याकडेला सार्वजनिक नळ होता आणि तिथे बस थांबत असे, असे जुने लोक सांगतात. मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली, तेव्हा स्थानकाला तेच नाव दिले गेले. त्याच मार्गाच्या टोकाचे वनाज हे नाव कारखान्याचे आहे. लोकांच्या तोंडी बसलेल्या नावाला शेवटी सरकारदरबारीही मान मिळतो, तो असा. याच्या उलट फर्ग्युसन रस्त्याचे अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले रस्ता आहे. गोखले त्या महाविद्यालयात शिकवत होते, म्हणजे नाव अगदी योग्य आहे. तरीही त्या नावाने पत्ता विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

बी-२०१ : सेनापती बापट रस्त्याचे मला नेहमी कोडे वाटते. बापटांनी १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, लोकांनी त्यांना सेनापती म्हटले ते तेव्हापासून. मात्र मुळशीला जायचे तर पौड रस्ताच धरावा लागतो.

सी-३०४ : अगदी बरोबर. थोर माणसाच्या नावाला माझा विरोध नाही, फक्त त्याचे नाव जिथे दिले, तिथे त्याचे काम दोन ओळींत लिहिलेले असावे. आपल्याकडे फलकावर नाव लहान आणि सौजन्य म्हणून छापलेली नावे मोठी असतात.

ए-१०२ : ‘डीपी रस्ता २’ म्हटले तर काय बिघडेल?

डी-४०२ : कृपया नको. डीपी म्हणजे विकास आराखडा, आणि आराखड्यातील कोणताही रुंद रस्ता लोकांच्या लेखी डीपी रस्ताच होतो. कोथरूडला एक आहे, औंधला एक आहे, म्हात्रे पुलाजवळ आणखी एक आहे. घरी मागवलेले जेवण औंधला पोहोचेल.

बी-२०१ : माझी सूचना ‘कालवा गल्ली’ अशी आहे. खडकवासल्याहून निघालेला डावा कालवा याच भागातून जात असे आणि आपली गल्ली जिथे संपते, त्या रस्त्याला आजही सगळे कॅनॉल रस्ता म्हणतात. नवख्या माणसालाही नावावरून गल्लीचे टोक कळेल.

सी-३०४ : या सूचनेला माझे अनुमोदन आहे.

ए-१०२ : माझी सूचना मी मागे घेतो. मात्र जाहिरातीत ‘कालवा गल्ली’ वाचून फ्लॅटचे भाडे कमी सांगावे लागले, तर त्याची नोंद इतिवृत्तात व्हावी.

सचिव : नोंद होईल. ज्यांच्याकडे मूळ खरेदीखत किंवा जमिनीचा जुना सातबारा असेल, त्यांनी त्याची छायाप्रत रविवारी आणावी. सर्व्हे नंबर आणि जमिनीचे जुने नाव त्यात सापडले, तर प्रस्तावासोबत तेही जोडता येईल. सभा सकाळी साडेदहा वाजता पार्किंगमध्ये होईल.