गोव्याहून लंडन किती तास? आपापले अनुभव लिहा

फोंडेकरीण:
भाच्याने सकाळी विचारलं, आत्या गोव्याहून लंडन किती तास गं, मी भाकरी थापता थापता म्हटलं दहा. आणि मग दिवसभर माझी पहिली फेरी डोक्यात. सरळ अंतर साडेसात हजार किलोमीटर, थेट विमान मिळालं तर दहाच तास, पण आमचं मुंबईहून होतं, घराच्या पायरीपासून लेकीच्या दारापर्यंत मोजले तर सव्वीस! जून महिना, दुपारी एकला निघालेले, जेवले, झोपले, उठले तरी खिडकीत ऊनच. उतरले तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेसहा आणि माझ्या मनगटावर रात्रीचे अकरा. ते घड्याळ तीन महिने बदललंच नाही, आईची पेज कधी, गोळी कधी ते त्याच्यावर कळायचं. लेक म्हणायची साडेचार तास वजा कर, मी म्हणायचे तूच मिळव. लिहा तुमचंही.

काणकोणची वैनी:
लंडन राहूदे. मुंबईचं विमान सव्वा तास आणि आमच्या घरून उत्तरेला मोपा विमानतळ अडीच तास, अख्खा गोवा उभा कापायचा.

पेडणेकार:
वैनी, 2023 पर्यंत दाबोळी विमानतळाला जाताना आम्ही हेच सोसलं, आता तुमची पाळी 😄

काणकोणची वैनी:
हसा हसा. कुकर लावलाय, नंतर बघते तुम्हाला.

बोटीवरचा:
दुबईला साडेतीन तास पण घड्याळ दीड तास मागे, म्हणून दोनच तासांत पोचल्यासारखं वाटतं, सुट्टीवर येताना तेच व्याजासकट वसूल. आणि लंडनहून येताना तासभर तरी कमी लागतो, वर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो तो पाठीला मिळतो.

म्हापशेकर काका:
आम्ही आगबोटवाले. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, विजयदुर्ग देवगड मालवण करत दुसऱ्या दिवशी पणजी. डेकवर चटई पसरून जागा धरायची, थोरली बहीण रत्नागिरीपर्यंत ओकत यायची बिचारी आणि मालवण आलं की भूक लागली म्हणायची. पावसाळ्यात बोट बंद, मग यष्टी नि घाट. कोकण रेल्वे 1998 ला पुरती सुरू झाली तेव्हा रात्री झोपून सकाळी गोव्यात, खरं नाही वाटायचं.

फोंडेकरीण:
काका 😂 बहिणीला नमस्कार सांगा.

मडगावची:
विषय सोडून सांगते, मी मस्कतला गालमो, म्हणजे सुका जवळा, नेलेला, पिशवी फुटली. लेकाचे सगळे शर्ट महिनाभर सुक्या बाजारात फिरल्यासारखे.

बोटीवरचा:
भाजून नेलेला की कच्चाच?

मडगावची:
भाजून. तरी.

पेडणेकार:
फोंडेकरीणबाई, ते घड्याळ आहे का अजून?

फोंडेकरीण:
आहे की, देवाच्या फळीवर. सेल संपलाय, आणायचा राहतो रोज. मडगावची, गालमो डब्यात भरून वर चिकटपट्टी मारली तर चालेल का, डिसेंबरात जायचंय.

मडगावची:
चालेल. शर्टाच्या बॅगेत ठेवू नकोस फक्त. खोबरं तिथे गेल्यावर घाल.